लिंबाखाली वाजलं का?

मशीन वाजलं. ओवीच्या पोटावर वाजलं. एवढं मोठ्यानं ते रानात कधी वरडलं नव्हतं. माझी लेक लिंबाखाली गोधडीवर उताणी पडून त्या वरडन्याकडं बघून हसत हुती, डोळे खोकून खोकून लाल झालते, हनवटीवरून लाळ गळत हुती. गोधडीवर चार घुंगरं वाळत घातली हुती. आता तीनच हुती. चौथं कुठं गेलं ते मशीन सांगत हुतं.

"गिळलं गं बया पोरीनं," आत्याबाई म्हनल्या. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. मशीन लावायचं बी त्यांनीच सुचवलं हुतं, मातीतलं लोखंड-पितळ दावतंय तर पोटातलं का न्हाई दावनार म्हनून. आन् म्या बी लावलं. त्या टायमाला कुनी म्हनलं असतं पोरीला उलटी धर, झाडाला प्रदक्षिना घाल, तर तेबी केलं असतं. ओवीच्या पप्पांना फोन लावला, त्यांची शिफ्ट, मशिनींच्या आवाजात फोन कुठला ऐकू येतोय.

बबनभाऊजी आमचं रान नांगरत हुते. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला आन् ढेकळं तुडवत पळत आले.

"काय झालं वैनी? इच्चू का?"

"घुंगरू गिळलं."

"कोनी?"

"मी गिळीन का घुंगरू?" मी त्यांच्यावरच वरडले. बिचारे, पायातली चप्पल ढेकळात ऱ्हायली हुती, एका पायानं तसेच उभे.

ह्याला आता वरीस व्हत आलंय. काल सकाळी मी कळशी घिऊन दारात आले आन् वारं आलं ते नांगरटीचा वास घिऊनच आलं. तुमी रानातल्या असाल तर तुमाला सांगायला नको. वरची माती तापून तापून मेलेली असती, नांगराचा फाळ तिला उलटी करतो, आन् खालची गार, काळपट माती पयल्यांदाच ऊन बघती. तिला लोखंडावानी वास असतो, त्यात जरासं डिझेल, आन् बांधावरच्या लिंबाचा मोहर. हे तिन्ही नाकात गेलं की माझं घरात ध्यान लागत न्हाई. तव्यावरची भाकर करपती. दुसऱ्या बाया ह्या दिसांत कुरडया घालत्यात, पापड लाटत्यात, मी बी लाटते, पर डोळे सगळे रानाकडं. खालचं वर आलंय, आन् मी हितं पापड लाटत बसलेय.

आमच्या गावाला ह्याच दिसांत माणसं बी परत येत्यात. ऊस तोडायला गेलेली घरंच्या घरं कारखान्यावरून माघारी येत्यात, हिवाळाभर कुलूप लावलेली दारं उघडत्यात, टेम्पोतून भांडी, बकऱ्या, कोंबड्या, लेकरं उतरत्यात. गल्लीत हाका सुरू हुत्यात. मला वाटतं, लांब गेलेलं ज्या दिसांत परत येतं, त्याच दिसांत खोल गेलेलं बी परत येतं. उगाच वाटतं. पर वाटतं.

मशीन ओवीच्या पप्पांनी केलंय. ते नागापूरला एमायडीशीत वर्कशॉपात फिटर हायेत. मोबाईलवर बघून बघून त्यांनी एका पायपाला खाली तांब्याच्या तारंचं चाळणीएवढं येटोळं बसवलं, वर प्लास्टिकच्या डबीत बॅटरी, आन् एक छोटा भोंगा. सुट्टी असली की रानात हिंडायचे. येनारी जानारी इचारायची, "काय रं, बॉम्ब हुडाकतो का?" मला बी लाज वाटायची. मग एकदा म्हनले, धर जरा, मी पानी पिऊन येतो. ते पानी पिऊन येस्तोवर मला बैलाची पत्री घावली. तवापसून मशीन माझ्याच हातात हाय, आन् ते पानी पित बसत्यात.

ती पत्री मी अजून ठिवलीय. पत्री म्हंजी बैलाच्या खुराला ठोकायचा नाल. गंजून काळा दगड झालाय तिचा, पर एका बाजूनं जास्त झिजलेली हाय. म्या हातात धरली आन् म्हनलं, ह्यो बैल लंगडत असनार. कुनाचा, कवाचा, काय म्हाईत न्हाई. पर एवढं कळलं. सातवीपोतर शाळा झाली माझी, इतिहासात राजे हुते, लढाया हुत्या, लंगडा बैल कुठंच नव्हता. माझ्या तळहातावर हुता.

आमच्या रानाचा वरचा तुकडा पांढरीचा हाय. पूर्वी कवातरी तिथं गाव हुतं, ते उठलं, भिताडं पडली, चुलींची राख, शेण, माती सगळं एक झालं, आन् जमीन राखुंडीवानी पांढरी पडली. तिथं मशीन फिरवलं की ते गप बसतच न्हाई. लोखंड असलं की जाड आवाज करतं, रेडा हंबरल्यावानी. तांबं, पितळ, चांदी असली की बारीक. म्या कडीचा कोयंडा काढलाय, दिव्याचं झाकन काढलंय, कुलूप नसलेल्या किल्ल्या काढल्यात. किल्ली घावली की मी लई येळ बसून ऱ्हाते. ती हरवली त्या दिवशी कुनीतरी दारात उभं ऱ्हाऊन कुनालातरी बोललं असंल, तुझ्यापाशीच दिल्ती की. ते भांडान मातीत गेलं, दार गेलं, घर गेलं, किल्ली ऱ्हायली.

मी तशी भित्री हाय. मशीन वाजलं की आधी भ्याव वाटतं. पर ते भ्याव आन् आनंद छातीत एकाच जागेवर असत्यात, खुरपं मातीत घालताना कळतच न्हाई त्यातलं कुठलं धडधडतंय. एकदा तांब्याचा जुना पैसा घावला. शाळेतले गुरुजी म्हनले, हे सरकारात कळवाया लागतं. कळवाया लागतं एवढं ऐकलं आन् तो पैसा मला घरात नको झाला. ओवीच्या पप्पांनी तो तलाठ्याकडं निऊन दिला, काय झालं न्हाई, पर त्याच्यामागं लई दीस जीपचा आवाज आला की मी मागच्या दारानं गोठ्यात. आत्याबाई इचारायच्या, "म्हशीला काय सांगती गं इतकं?"

सगळ्यात गंमत कमळाकाकींच्या जोडव्याची. कमळाकाकी आन् भामाकाकी एका बांधाच्या शेजारनी, घरं बी लागून. कांदा खुरपताना कमळाकाकींचं एक चांदीचं जोडवं पायातनं गेलं, आन् त्यांनी गावभर केलं की भामीनंच उचललं. दोघी बोलायच्या बंद. लेकींच्या लग्नात बी एकमेकींच्या मांडवात गेल्या न्हाईत. आन् म्या गेल्या साली कमळाकाकींच्याच रानातून ते जोडवं काढलं. माती पुसली, फूल दिसलं वर. मी नाचतच गेले त्यांच्या दारात.

कमळाकाकींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आन् माझ्या हातात परत दिलं. "हे माझं न्हाई."

"अवो काकी, तुमच्याच रानात घावलं."

"रान माझं हाय. जोडवं माझं न्हाई."

भामाकाकी पलीकडं चुलीला सरपन घालत हुत्या, त्यांनी मान बी वर केली न्हाई. "न्हाई कसं म्हनती," त्या चुलीला म्हनल्या, "तिचं म्हनलं तर माझ्या दारात यावं लागंल ना."

ते जोडवं अजून माझ्या डब्यात हाय, बिनमालकाचं. कमळाकाकी पाटीभर काहीतरी घिऊन उगाच येत्यात, डब्याकडं बघत्यात, जात्यात. येतील एखाद्या दिवशी. जोडवं काय कुजत न्हाई.

तर त्या दिवशी घुंगरं घावली. बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळंची असनार, बोराएवढी, पितळंची, मातीनं भरलेली. म्या पान्यात बुडवून काडीनं माती काढली, झटकलं, आन् ती खुळखुळली. अवो, खुळखुळली. आत बारका खडा तसाच हुता. किती वर्सं मातीनं त्याचं तोंड धरून ठिवलं हुतं, आन् सोडल्याबरोबर ते बोलायला लागलं. म्या पळत जाऊन आत्याबाईंना आयकवलं. त्या रानात आल्या की लिंबाखालीच बसायच्या, दुसरीकडं कुठं बसायच्या न्हाईत, ओवी त्यांच्यापाशी असायची. घुंगरं गोधडीवर वाळत घातली आन् मी परत रानात. तेवढ्यात ओवी खोकायला लागली.

मशीन तिच्या पोटावर वरडत हुतं, आन् बबनभाऊजी म्हनले, "अवो वैनी, पोरीच्या अंगावर किती लोखंड हाय ते तरी बघा आधी."

"लोखंड न्हाई, चांदी हाय," आत्याबाई तेवढ्यात बी म्हनल्या.

खरंच की. पायात वाळे. म्या काढून फेकले. माझ्या हातातल्या बांगड्या काचंच्या, पर जोडवी हुती, ती काढली. मशीन वाजतच हुतं. कमरंला काळा करदोडा, त्यात तांब्याचा ताईत. गाठ घामानं अशी आवळली हुती की सुटता सुटंना. म्या इळा उचलला.

"करदोडा तोडायचा न्हाई," आत्याबाईंनी माझा हात धरला.

"अवो गाठ सुटंना."

"आधी दुसरा बांध. लेकराची कंबर नुसती ठिवायची नस्ती."

"आत्याबाई, पोरीच्या पोटात घुंगरू हाय आन् तुमी..."

"बांध म्हनते ना मी." असा आवाज म्या त्यांचा कधी आयकला नव्हता. त्यांनी आपल्या लुगड्याचा काठ दातात धरला, टरकन फाडला, ती चिंधी ओवीच्या कमरंला बांधली, गाठ मारली, आन् मगच माझा हात सोडला. मला इतका राग आलता त्यांचा. पोर जायची येळ आली आन् ह्यांना रीत सुचती. म्या करदोडा कापला, ताईत लांब फेकला, येटोळं पोटावर धरलं.

वाजलं. तसंच वाजलं.

मग मी काय बघितलं न्हाई. बबनभाऊजींनी मोटारसायकल काढली, मी मागं, ओवी मांडीत, चिंधी बांधलेली. तालुक्याच्या रस्त्याला प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या छातीवर हात ठिवून बघत हुते. ती मात्र वाऱ्याला तोंड उघडून खिदळत हुती.

दवाखान्यात तिचा फोटू काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, आन् मला माझी लेक आतनं दिसली. बारीक बारीक बरगड्या, कणसाच्या पातीवानी. घुंगरू नव्हतं. कुठंच नव्हतं.

"काही नाही बाई. पोट रिकामं आहे हिचं, भूक लागली असेल."

"पर मशीन वाजलं, डॉक्टर."

त्यांनी मशीन कुठलं ते इचारलं, म्या सांगितलं, ते हसले न्हाईत. म्हनले, "पुन्हा असं काही झालं तर आधी इकडं यायचं. मशीन नंतर." मी मान हालवली आन् तिथंच खाली बसून रडले. ओवीनं माझ्या नाकातली चमकी धरून ओढली.

दुसऱ्या दिवशी मी, आत्याबाई आन् ओवी रानात गेलो. काय करनार, डोक्यातून जाईचना, मग वाजलं काय? गोधडी जिथं टाकलेली तिथंच लिंबाखाली मशीन धरलं. कुईं. लिंबाचा पाला बाजूला केला तर भुसभुशीत मातीत बोटाएवढं भोक, आन् त्यात चौथं घुंगरू. ओवीनं खुपसून ठिवलेलं, गोधडीच्या काठाखाली. पोर त्याच्यावरच झोपलेली, आन् मशीन पोरीतून पलीकडचं, मातीतलं सांगत हुतं. आमी दोघी सासूसुना हसून हसून बेजार झालो. आत्याबाईंच्या डोळ्यात पानी आलं हसून.

आता मातीतनं काय काढलं की त्याच खड्ड्यात परत मशीन फिरवायचं असतं. कदी कदी खाली आजून असतं. म्या फिरवलं, आन् ते वाजलं. बारीक. लई गोड, लई खोलातनं. असा आवाज म्या तवर आयकला नव्हता. माझं हसू गेलं, छाती धडधडायला लागली, सोनंच असनार म्हनून म्या खुरपं घेतलं.

आत्याबाईंनी खड्ड्यावर हाताचा पंजा ठिवला.

"तिथं न्हाई."

"अवो काहीतरी मोठं हाय."

"मोठं न्हाई गं." त्यांनी पंजा उचलला न्हाई. मग म्हनल्या, "ओवीच्या बापाच्या आधीची. पयली लेक माझी. ओवीएवढीच हुती, आत्ता चालायला लागलेली. ताप आला. लहान लेकराला जाळत न्हाईत, आपल्याच मातीत ठिवत्यात. ह्यांनी हितं ठिवली, लिंब तवा माझ्या कमरंएवढा हुता."

म्या खुरपं खाली ठिवलं.

"पायात चांदीचं वाळं हुतं. बाया म्हनल्या काढून घे, पुढच्याला हुईल. म्या न्हाई काढलं. करदोडा बी तसाच ठिवला. नुसत्या कमरंनं कसं पाठवायचं लेकरू."

बाजूलाच ओवी बसलेली, कमरंला लुगड्याचा काठ. म्या त्या काठाकडं बघितलं आन् आदल्या दिवशी आलेला माझा राग कुठं तोंड लपवू म्हनायला लागला.

मग आत्याबाईंनी हात काढला. "परत लाव."

म्या खड्डा भरला आन् वरून मशीन लावलं. ते वाजलं. त्यांनी डोळे मिटले, लिंबाला पाठ लावली, आन् ऐकत बसल्या. आमच्या घरात गान्याची आवड कुनाला न्हाई, पर गानं ऐकताना माणूस कसं बसत असंल ते म्या तवा बघितलं.

"हाय," त्या म्हनल्या. "हितंच हाय माझी."

त्या सालच्या नांगरटीत मग हेच आमचं चाललं. बबनभाऊजींच्या तोंडातनं घुंगराची गोष्ट गावात गेली, घुंगराचं सोनं झालं, सोन्याचा हंडा झाला, माणसं बांधावर येऊन बसायला लागली. मी इतकी भ्याले की मशीनला हातच लावंना. मग ओवीच्या पप्पांनी भोंगा काढून टाकला आन् हेडफोन बसवला. आता मशीन वाजलं तर माझ्याच कानात वाजतं, दुसऱ्याला काय कळत न्हाई. आत्याबाईंना एकदा लावून बघितला. "कानात सुई घातल्यावानी हुतंय," म्हनून त्यांनी काढून दिला. "तूच ऐक. तू ऐकलं म्हंजी म्या ऐकलं."

रानातनं घरी निघालो की त्या म्हनायच्या, शीतल, जाताजाता लिंबाखाली लाव की जरा. मी लावायची. कानात ते बारीक, गोड वाजायचं. त्या माझ्या तोंडाकडं बघायच्या, "वाजलं का गं?" मी मान हालवायची, आन् त्या पदर सावरून पुढं चालायला लागायच्या, एकदम हलक्या पायानं. म्या त्या सालात काय काय काढलं, पर सगळ्यात भारी घावलेलं काय म्हनून कुनी इचारलं तर मी तेच सांगीन, जे म्या काढलंच न्हाई.

मग पावसाळा आला, आन् ह्या साली तो कसा आला ते तुमाला बी म्हाईत असंल. आमच्या कोरड्या भागात वढा असा कधी फुगला नव्हता. बांध एका बाजूनं वाहून गेला. लिंब ऱ्हायला, पर त्याची मुळं उघडी पडली, हाताच्या बोटांवानी. एका अंगाची माती गेली, दुसऱ्या अंगाला गाळ येऊन बसला. आत्याबाई त्या मुळांकडं बघत बसायच्या. मला मशीन काढ म्हनल्या न्हाईत. चिखल, मग गवत, मग थंडी. नांगरट यायची वाट बघत हुत्या, मला कळत हुतं.

काल नांगरट सुरू झाली. आज सकाळी म्या मशीन उतरवलं, बॅटरी लावली, आन् आमी तिघी निघालो. ओवी आता पळती. पुढं पळती, ढेकळावरून पडती, उठती, कमरंचा नवा करदोडा वर सरकलेला. पांढरीत पाय टाकला आन् मशीन वाजलं, जाड, म्या खुरप्यानं उकरलं तर नांगराच्या जुन्या फाळाचं टोक. नवीन फाळानं जुना फाळ वर काढला. मी इतकी खूश झाले की बबनभाऊजींना हाक मारून दावलं. ते म्हनले, "वैनी, तुमी माझ्या मागं मागं फिरा, मी पेरल्यावानी काढत जातो." ऊन चढत हुतं, लिंबाचा मोहर गळत हुता, छाती धडधडत हुती, सगळं गेल्या सालावानी.

मग आत्याबाई लिंबाकडं वळल्या.

म्या हेडफोन नीट बसवला आन् येटोळं मातीवर धरलं. काय न्हाई. जरा पुढं सरकवलं. काय न्हाई. मुळांच्या कडंनं फिरवलं, गाळाच्या बाजूनं फिरवलं, उभं फिरवलं, आडवं फिरवलं, पार मातीला घासून फिरवलं. बॅटरी बघितली, पायातलं जोडवं येटोळ्यापाशी नेलं, ते वाजलं. मशीन चांगलं हुतं. परत लिंबाखाली धरलं. हेडफोनमधी काय वाजत नसलं की आपलंच रगत ऐकू येतं, सूं सूं सूं. माती वाहून गेली असंल. का वरती गाळ एवढा बसलाय की मशीनला खालचं कळंना. दोन्ही व्हऊ शकतं. मला काय म्हाईत, मी काय डॉक्टर हाय का मातीचा फोटू काढायला.

ओवी माझ्या साडीला धरून नाचत हुती, "आई, वाज्जं? वाज्जं?" आन् तिच्यामागं आत्याबाई उभ्या हुत्या, लिंबाला हात लावून, ट्रॅक्टरकडं न्हाई, मातीकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघत.

"वाजलं का गं?"

माझ्या कानात नुसतं गप्प हुतं, आन् ते मला एकटीलाच ऐकू येत हुतं. तुमी माझ्या जागी असत्या, तर काय सांगितलं असतं?